सॅलरी स्लिपमधले दोनशे रुपये

पगारातून दरमहा कापल्या जाणाऱ्या एका छोट्या कराची गोष्ट थेट बहात्तरच्या दुष्काळापर्यंत आणि विधान परिषदेच्या एका सभापतींपर्यंत जाते. वि. स. पागे हे नाव तुम्ही ऐकलंय?

घरात नोकरी करणारं कुणी असेल, दादा, ताई किंवा बाबा, तर त्यांची सॅलरी स्लिप एकदा मागून बघा. ‘कशाला हवी?’ असं विचारतीलच. सांगा, अभ्यासाला हवी आहे. खोटं नाही ते.

स्लिपच्या उजव्या बाजूला कपातीचा रकाना असतो. तिथे पीएफ असेल, इन्कम टॅक्स असेल आणि एका ओळीत ‘पी.टी.’ असं लिहिलेलं असेल. त्यापुढचा आकडा बहुधा २०० असेल. फेब्रुवारीची स्लिप असेल तर ३००. म्हणजे अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे, वर्षाचे २,५००. पी.टी. म्हणजे प्रोफेशन टॅक्स, आपला व्यवसाय कर. महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे, त्यामुळे ताईच्या स्लिपवर कदाचित नसेलही.

हे दोनशे रुपये कशासाठी कापतात, असं ऑफिसात विचारलंत तर बहुतेक जण खांदे उडवतील. ‘असतो रे एक टॅक्स’ म्हणतील. पण महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या कायद्याने सुरू झाला तेव्हा त्यामागे एक नेमकं काम होतं. शहरात पगार घेणाऱ्या माणसाने महिन्याला थोडे पैसे द्यायचे आणि त्यातून खेड्यात हाताला काम नसलेल्या माणसाला काम द्यायचं. त्या योजनेचं नाव रोजगार हमी योजना. आणि ती ज्यांच्या डोक्यातून आली, ते वि. स. पागे ना मुख्यमंत्री होते, ना अर्थमंत्री. ते होते विधान परिषदेचे सभापती.

बोलायचं नाही, अशी खुर्ची

पूर्ण नाव विठ्ठल सखाराम पागे. जन्म १९१० चा, वाळवा तालुक्यातल्या बागणीचा. आज हा भाग सांगली जिल्ह्यात येतो, तेव्हा तो सातारा जिल्हा होता. स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरलेली, गांधीविचार मानणारी जी पिढी या भागातून पुढे आली, तिच्यातले ते एक. काँग्रेसचे कार्यकर्ते. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं आणि त्याच वर्षी पागे विधान परिषदेचे सभापती झाले. त्या खुर्चीवर ते १९७८ पर्यंत राहिले. सलग अठरा वर्षं.

या अठरा वर्षांत समोरच्या बाकांवर काय काय बदललं असेल, विचार करा. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते, ते दिल्लीला गेले. मारोतराव कन्नमवार आले, त्यांचं पदावर असतानाच निधन झालं. मग वसंतराव नाईक आले आणि अकरा वर्षांहून जास्त राहिले. नंतर शंकरराव चव्हाण, नंतर वसंतदादा पाटील. कन्नमवारांनंतर काही दिवस हंगामी मुख्यमंत्री असलेले पी. के. सावंत धरले तर सहा मुख्यमंत्री. सभापती मात्र एकच.

आता तुम्ही म्हणाल, सभापती म्हणजे मोठी पॉवर असणार. इथे जरा थांबू. विधानसभेत ‘अध्यक्ष’ असतात आणि विधान परिषदेत ‘सभापती’. या दोन्ही पदांचा एक नियम फार गमतीचा आहे. सभागृहात सगळ्यात उंच खुर्ची त्यांची, पण चर्चेत भाग घ्यायचा नाही. कोण बोलणार, किती वेळ बोलणार, कोणाचा मुद्दा नियमात बसतो, हे ते ठरवणार. स्वतः मात्र कुठल्याही बाजूने बोलणार नाहीत. मतदानातसुद्धा पहिल्या फेरीत त्यांना मत नसतं. दोन्ही बाजूंची मतं समसमान झाली तरच ते मत देतात. मंत्र्यासारखं खातं नाही, फाइल नाही, निधी नाही. ‘माझं बिल मंजूर करा’ म्हणून उभं राहायची सोय नाही.

त्यात विधान परिषद हे वरिष्ठ सभागृह असलं तरी पैशाच्या बाबतीत तिचा हात आखडता. अर्थविधेयक परिषदेला अडवता येत नाही, चौदा दिवसांत शिफारशींसह परत पाठवायचं, एवढंच. त्या शिफारशी घ्यायच्या की नाही, ते विधानसभा ठरवणार.

म्हणजे बघा, ज्या माणसाला सभागृहात बोलायला बंदी आणि ज्या सभागृहाला पैशावर अधिकार नाही, तिथे बसून त्याने राज्यातली सगळ्यात खर्चिक वाटावी अशी कल्पना मांडली. कशी, ते पुढे.

मागेल त्याला काम

साठच्या दशकात पंचवार्षिक योजना जोरात होत्या. धरणं, कारखाने, रस्ते. देशाची वाढ होईल आणि ती हळूहळू झिरपत खालच्या माणसापर्यंत जाईल, असा हिशेब होता. पागेंना खेड्यात दिसत होतं ते वेगळं होतं. ज्याच्याकडे जमीन आहे त्याला विहीर, कर्ज, खत, बियाणं यातलं काही ना काही मिळत होतं. ज्याच्याकडे जमीनच नाही त्याच्यासाठी यादीत काही नव्हतं. त्याच्याकडे विकायला एकच गोष्ट होती, अंगातलं बळ. आणि ते विकत घेणारं गिऱ्हाईक वर्षातले कित्येक महिने नसायचं. कोरडवाहू भागात सुगी संपली की मजुराला काम नाही. काम नाही म्हणजे सावकार, नाहीतर मुंबईची गाडी.

सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात विसापूर नावाचं गाव आहे. पागेंनी आपली कल्पना आधी तिथे करून बघितली. सूत्र साधं होतं. गावात ज्याला काम हवं आहे, तो मागेल. मागेल त्याला सरकारने काम द्यायचं. आणि ते काम असं असावं की त्यातून गावाला पुढे उपयोग होईल. बांध, नाला अडवणं, पाझर तलाव, रस्ता. त्यानंतर निवडक गावांच्या गटांमध्ये पथदर्शी प्रयोग झाले.

या सूत्रातलं ‘मागेल त्याला’ हे दोन शब्द नीट बघा. सरकारी योजना सहसा कशी चालते? कोण गरीब, कोण नाही, हे आधी सरकार ठरवतं. मग दाखला, मग यादी, मग त्या यादीत नाव घालण्यासाठी चकरा. इथे यादीच नाही. उन्हात कुदळ मारायची आणि मजुरी घ्यायची, या अटीवर जो येईल तो गरजू. ज्याला गरज नाही तो येणारच नाही. गरिबी सिद्ध करायचा कागद नको, जात नको, कोणाची ओळख नको. अठरा पूर्ण, अंगमेहनतीची तयारी, बस्स.

हे ऐकायला सोपं आहे, पण सरकारच्या दृष्टीने भीतीदायक. कारण इथे किती लोक येणार, हे सरकारच्या हातात राहत नाही. पाऊस चांगला झाला तर कमी येतील, नाही झाला तर लाखोंनी येतील. बजेट मार्चमध्ये मांडायचं आणि मजूर मे महिन्यात मोजायचे! कुठलाही वित्त विभाग याला पटकन हो म्हणणार नाही.

पागेंना भाषण करायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी दुसरा रस्ता धरला. पटवण्याचा. मुख्यमंत्री वसंतराव नाईक हे विदर्भातले, शेतीची आवड असलेले. त्यांना पागेंनी ही कल्पना पटवली. सभापती कोणत्याही एका बाजूचे नसतात, त्याचा इथे फायदाच झाला. विरोधी बाकांवरच्या शेतकरी कामगार पक्षाच्या, समाजवादी आणि कम्युनिस्ट नेत्यांनाही मजुराचा प्रश्न आपलाच वाटत होता. त्यामुळे ही योजना ‘त्यांची’ किंवा ‘यांची’ झाली नाही.

आजीला विचारा

१९७२ मध्ये योजना राज्यभर न्यायचं ठरलं आणि त्याच वर्षी निसर्गाने परीक्षा घेतली. आधीची दोन वर्षंही पावसाची बरी नव्हती, त्यात बहात्तरला पाऊस जवळजवळ रुसलाच. मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्राचा पूर्वेकडचा पट्टा, सगळा होरपळला. रोजगार हमी बाजूला ठेवून सरकारने मोठ्या प्रमाणावर दुष्काळी कामं काढली.

इथे हा लेख खाली ठेवा आणि आजीला फोन लावा. सोलापूर, बीड, धाराशिव, अहिल्यानगर, सांगलीचा पूर्व भाग, यांपैकी कुठली असेल तर एवढंच विचारा, ‘आजी, बहात्तरच्या दुष्काळात तू कुठे होतीस?’ मग ऐका. लाल मिलो ज्वारी येईल, सुकडी येईल, खडी फोडून हाताला आलेले फोड येतील. पाझर तलावावर पाटीनं माती वाहिलेली येईल. गावातल्या मोठ्या घरच्या बायकाही पदर खोचून कामावर आल्या होत्या, तेही येईल.

मे १९७३ च्या सुमाराला या कामांवर रोज सुमारे ५० लाख माणसं होती. त्या वेळच्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर होती. म्हणजे लहान मुलं, म्हातारी माणसं, मुंबई-पुण्यासकट सगळे धरूनही दर दहांतला एक जण दुष्काळी कामावर. तेवढा भीषण दुष्काळ असूनही भूकबळींचा मोठा संहार टळला. त्याचं कारण म्हणून जगभरातले दुष्काळाचे अभ्यासक आजही या कामांकडे बोट दाखवतात. लोकांच्या हातात मजुरीचा पैसा होता, म्हणून बाहेरून धान्य खेड्यापर्यंत आलं.

दुष्काळ सरला. अशा वेळी सहसा काय होतं? कामं बंद होतात, फाइली बांधल्या जातात, पुढच्या दुष्काळापर्यंत सगळे विसरतात. पागेंचं म्हणणं नेमकं इथेच होतं. कोरडवाहू गावातल्या भूमिहीनासाठी दर उन्हाळा हा छोटा दुष्काळच असतो. तो बातमीत येत नाही, एवढंच. मग काम देणं दुष्काळापुरतं का? १९७४ मध्ये योजना पुन्हा सुरू झाली.

पैसा कोण देणार?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पैसा कुठून आणायचा? इथे पुन्हा तुमच्या दादाची सॅलरी स्लिप.

१९७५ चा व्यवसाय कर याच्यासाठी आला. नोकरदार, व्यावसायिक, व्यापारी यांनी तो भरायचा. शिवाय आणखी काही करांमधला वाटा या योजनेसाठी. या सगळ्यातून जेवढा पैसा जमेल, तेवढीच रक्कम राज्य सरकारने आपल्या खिशातून घालायची. राज्यघटनेप्रमाणे व्यवसाय करावर कमाल मर्यादा असते. ती तेव्हा वर्षाला फक्त २५० रुपये होती, १९८८ मध्ये घटनादुरुस्तीने २,५०० झाली. तुमच्या घरच्या स्लिपवरचा आकडा त्या मर्यादेला जाऊन टेकलेला आहे.

गाव पोसण्यासाठी शहराने कर द्यायचा, ही गोष्ट राजकारणात सोपी नसते. तरी ती झाली. कशी? याचं उत्तर फक्त ‘सगळे नेते थोर होते’ असं देऊन चालणार नाही. यात प्रत्येकाचा काही ना काही फायदा होता. मजुराला मजुरी मिळाली. बांध-बंदिस्ती आणि पाझर तलावांमुळे जमीनवाल्या शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी वाढलं, म्हणजे ग्रामीण भागातल्या वजनदार मंडळींनाही योजना नकोशी वाटली नाही. आणि कर देणाऱ्या शहराला वाटलं, गावात काम मिळालं तर मुंबईच्या फुटपाथवरची गर्दी तरी कमी होईल. तिघांचे हिशेब वेगळे, पण बेरीज एक. राजकारण शिकायचं असेल तर हा धडा वहीत लिहून ठेवा. चांगली कल्पना सुचणं वेगळं आणि ती सगळ्यांच्या सोयीत बसवणं वेगळं.

मदत आणि हक्क

इथपर्यंत ती ‘योजना’ होती. योजना म्हणजे शासन निर्णय. आज निघाला, उद्या बदलला. पागेंना तिचा कायदा हवा होता.

राज्यशास्त्र असेल किंवा एमपीएससी करत असाल तर अनुच्छेद ४१ तुम्हाला पाठ असेल. राज्याने आपल्या आर्थिक ताकदीच्या मर्यादेत नागरिकाला कामाचा हक्क मिळवून द्यावा, असं ते सांगतं. पण ते आहे मार्गदर्शक तत्त्वांमध्ये. म्हणजे ते नाही पाळलं म्हणून तुम्ही कोर्टात जाऊ शकत नाही. गाइडमध्ये आपण हा मुद्दा दोन मार्कांसाठी वाचतो आणि पुढे जातो.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७७ चा रोजगार हमी कायदा करून या तत्त्वाला हात-पाय दिले. दोन्ही सभागृहांनी तो एकमताने मंजूर केला. ग्रामीण भागातल्या कोणाही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं तर पंधरा दिवसांत ते द्यायचं. नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. बाई असो की पुरुष, त्याच कामाला तोच दर. खर्चाचा मोठा भाग मजुरीवरच गेला पाहिजे, यंत्रसामग्री आणि साहित्यावर नाही. कामावर पिण्याचं पाणी, सावली, लहान मुलांना सांभाळायची सोय.

शेतावर बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी देणं ज्या काळात कुणाला खटकतही नव्हतं, त्या काळातला हा कायदा. बायका मोठ्या संख्येने रोहयोच्या कामांवर आल्या, त्याचं हे एक मोठं कारण. मजुरी हजेरीवर नाही, कामाच्या मापावर. जेवढी माती खणली, तेवढे पैसे. माती कोणी खणली, हे टेपला कळत नाही.

कायदा अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. प्रजासत्ताक दिन मुद्दाम निवडलेला. तोवर नाईक जाऊन चार वर्षं होत आली होती. शंकरराव चव्हाण येऊन गेले, वसंतदादा येऊन गेले, मुख्यमंत्रिपदावर शरद पवार होते, तेही वेगळ्या आघाडीचे. आणीबाणी येऊन गेली होती, काँग्रेस फुटली होती. आणि पागे? १९७८ मध्येच ते सभापतिपदावरून उतरले होते. ज्या कायद्यासाठी इतकी वर्षं घालवली, तो लागू झाला तेव्हा ते त्या खुर्चीवर नव्हते. इतकी उलथापालथ होऊनही कोणत्या सरकारने तो गुंडाळला नाही, हे महत्त्वाचं.

कागदावर आणि बांधावर

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर ही गोष्ट अर्धीच राहील.

रोजगार हमीच्या नावाने महाराष्ट्रात घोटाळेही भरपूर झाले. खोट्या हजेरीपटावर, म्हणजे मस्टरवर, कामावर कधी न आलेल्या माणसांची नावं चढली. मजुरी आठवडेच्या आठवडे थकली. काम मागितलं तरी ‘अर्ज आलाच नाही’ म्हणून सांगितलं गेलं, कारण अर्जाची पोच दिली तर पंधरा दिवसांचं घड्याळ सुरू होतं. बेकारी भत्ता कायद्यात आहे, पण तो हातात पडलेला माणूस शोधावा लागतो. खडी फोडून ठेवलेले ढीग रस्त्याकडेला वर्षानुवर्षं पडून राहिले. आणि सगळ्यात बोचणारा आक्षेप म्हणजे, योजनेच्या नावाने कर गोळा होत राहिला, पण तो सगळा योजनेवर खर्च होत नाही. हा मुद्दा खुद्द विधिमंडळात पुन्हा पुन्हा उपस्थित झाला.

मग फसली का योजना? घाईने उत्तर देऊ नका. १९९० च्या सुमाराला रोजगार हमीला फळबागेची जोड दिली गेली. शेतकऱ्याच्या शेतात खड्डे खणून आंबा, काजू, डाळिंब, बोर, संत्री लावायची आणि मजुरी रोजगार हमीतून द्यायची. महाराष्ट्राच्या फळबागांचा नकाशा त्यानंतर बदलला. तुमच्यापैकी सोलापूर, नाशिक किंवा कोकणातून शिकायला आलेल्या कुणाची कॉलेजची फी त्या बागेतून निघत असेल. घरी विचारा, पहिली लागवड कुठल्या योजनेतून झाली होती.

आणि घोटाळा उघडकीला आला तो कसा, हेही बघा. ठिकठिकाणी मजुरांनी संघटना बांधल्या, तहसीलवर मोर्चे नेले, मस्टर दाखवा म्हणाले. कारण आता ते मदत मागत नव्हते. कायद्याने जे त्यांचं होतं, ते मागत होते. मदत मिळाली नाही तर माणूस हिरमुसून घरी जातो. हक्क मिळाला नाही तर तो भांडायला परत येतो. पागेंनी कायद्याचा हट्ट धरला, त्याचा खरा उपयोग हा.

महाराष्ट्राची कल्पना, देशाचा कायदा

पागे १९९० मध्ये गेले. त्यानंतर पंधरा वर्षांनी, २००५ मध्ये, संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. पुढे त्याला महात्मा गांधींचं नाव मिळालं आणि ‘मनरेगा’ हा शब्द घराघरात गेला. २००६ च्या फेब्रुवारीत देशातल्या २०० जिल्ह्यांपासून त्याची सुरुवात झाली. मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, मजुरीवर जास्त खर्च. हे सगळं ओळखीचं वाटतंय ना? दोन्हींत फरक होता. केंद्राच्या कायद्यात एका कुटुंबाला वर्षाला शंभर दिवस अशी मर्यादा होती. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात हमी प्रत्येक प्रौढ माणसाला होती आणि दिवसांची मर्यादा नव्हती. म्हणजे विसापूरची मूळ कल्पना दिल्लीपेक्षाही धीट होती.

तरी मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजात जाऊन विचारा, ‘वि. स. पागे कोण?’ राज्यशास्त्राच्या वर्गात एखादा हात वर होईल. विधानभवनात त्यांच्या नावाचं संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी संसदीय अभ्यासवर्ग भरतो. तुमच्या विभागाला त्याचं पत्र येतं. नोटीस बोर्डाकडे लक्ष ठेवा आणि संधी मिळाली तर जाऊन या. प्रेक्षक गॅलरीतून खाली बघताना सगळ्यात उंच खुर्चीवर गप्प बसलेल्या माणसाकडेही जरा बघा.

आपल्याला नेता म्हटलं की माइक, ताफा, रील आणि व्हायरल झालेलं भाषण आठवतं. त्यात पागे कुठेच बसत नाहीत. अठरा वर्षं त्यांचं काम दुसऱ्यांना बोलू देणं हे होतं. पण एकच कल्पना त्यांनी आधी एका गावात करून बघितली, मग मुख्यमंत्र्यांना पटवली, विरोधकांना आपलीशी वाटू दिली, तिच्यासाठी पैशाची वाट काढली आणि शेवटी तिचा कायदा झाला. यातली एकही पायरी गाळून चाललं नसतं.

तुम्हीही थोड्याच वर्षांत नोकरी शोधायला लागाल. कुणाला प्लेसमेंट मिळेल, कुणी जागा निघायची वाट बघत अभ्यासिकेत बसेल. काम नसणं म्हणजे काय, हे तेव्हा वेगळं समजेल. ‘काम मागणारा माणूस ऐतखाऊ नसतो, त्याला काम देणं सरकारचं काम आहे’ हे वाक्य या राज्याने कायद्याच्या भाषेत लिहिलं होतं. तुमच्या पिढीसाठी, डिग्री घेतलेल्या हातांसाठी, त्याचं पुढचं कलम काय असावं, हे अजून कुणी लिहिलेलं नाही.

आणि पहिला पगार होईल तेव्हा स्लिप नीट वाचा. दोनशे रुपये कुठे गेले, हे आता तुम्हाला माहीत आहे. ते खरंच तिथे पोचतात का, हे विचारायचा हक्कही तुमचाच.

चौकट : विधान परिषद आणि तुम्ही

• महाराष्ट्र विधान परिषदेत ७८ जागा आहेत. त्यातल्या ३० जणांना आमदार निवडतात, २२ जणांना स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, ७ जणांना शिक्षक आणि ७ जणांना पदवीधर. १२ जणांची नेमणूक राज्यपाल करतात.

• परिषद कधीच विसर्जित होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षं असते आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात.

• देशात फक्त सहा राज्यांत विधान परिषद आहे : महाराष्ट्र, कर्नाटक, बिहार, उत्तर प्रदेश, आंध्र प्रदेश आणि तेलंगणा.

• पदवी मिळून तीन वर्षं झाली की तुम्ही पदवीधर मतदारसंघात मतदार होऊ शकता. पण नेहमीच्या मतदार यादीत नाव आहे म्हणून इथे आपोआप येत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज भरावा लागतो.

• पदवीधरांची यादी प्रत्येक निवडणुकीआधी नव्याने तयार होते. म्हणजे मागच्या वेळी नाव होतं, तरी पुन्हा नोंदणी करायची. बहुतेक पदवीधरांचं मत इथेच हुकतं.